भोये मॅडम आणि उभं अक्षर

भोये मॅडम कुणाचंही नाव घेताना खुर्चीतून अर्ध्या उठतात.

नाव कुणाचं आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. तहसीलदारांचं नाव घेताना उठतात आणि खाली गिरणीत दळण घेऊन आलेल्या बाईचं नाव घेतानाही उठतात. एका वाक्यात दोन नावं आली की दोनदा. हजेरी घेताना तर बघायलाच नको. वर्गात नव्याने आलेल्या मुलांना वाटायचं, मॅडमना कुठेतरी जायचंय आणि आपल्यामुळे त्या अडकून पडल्यात. एकाने तर पहिल्याच दिवशी उठून त्यांना दरवाजा उघडून दिला होता.

कारण विचारलं तर उत्तर तयार असे. "नावाचं पहिलं अक्षर उभं असतं. ते उभं राहिलंय आणि मी मात्र बसून राहायचं? मला नाही जमत."

उभं अक्षर म्हणजे इंग्रजीतलं कॅपिटल. स्मॉल ते बसलेलं. कॅपिटल आणि स्मॉल हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. मराठीत उभं कुठलं आणि बसलेलं कुठलं, असं कुणीतरी विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, "मराठीत सगळी एकाच दांडीला लटकलेली. तिथे मानापमानाचा प्रश्न येत नाही."

पुढे गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, ही उठबस बंद करा. मॅडमनी डॉक्टरांचं नाव घेऊन, म्हणजे अर्थातच उठून, विचारलं, "तुमचं नाव बसून घेतलेलं तुम्हाला चालेल?" डॉक्टर म्हणाले, अगदी चालेल. "मला नाही चालणार," म्हणाल्या आणि गोळ्या घेऊन आल्या.

मॅडमचा कॉम्प्युटर क्लास जव्हारच्या बाजारात, एका पिठाच्या गिरणीच्या वर आहे. गिरणी सुरू झाली की आमची जमीन थरथरायची, माऊस आपोआप सरकायचा आणि फटींतून पीठ वर यायचं. की-बोर्डवर कायम पांढरी साय. आमच्या क्लासचा विद्यार्थी बाजारात बोटांवरून ओळखू यायचा. मुख्य अडचण निराळी होती. वीज असली की कॉम्प्युटर चालायचे, पण गिरणीही चालायची, त्यामुळे मॅडमचं बोलणं नीट ऐकू यायचं नाही. वीज गेली की मॅडमचा शब्द न् शब्द ऐकू यायचा, पण कॉम्प्युटर बंद. माझं सगळं शिक्षण या दोन्हींच्या मधल्या फटीत झालेलं आहे.

वीज गेली म्हणून तास थांबवणं मॅडमना माहीत नव्हतं. मग आम्हीच कॉम्प्युटर व्हायचो. समजा माझंच नाव घेतलं, यशोदा. आम्ही एका रांगेत बसायचो, प्रत्येकजण एक एक अक्षर. पहिल्या अक्षराने उभं राहायचं, बाकीच्यांनी बसायचं. एक मुलगी 'इफ' व्हायची. ती रांगेपुढून जायची आणि पहिला उभा आहे का, बाकीचे बसलेत का, हे बघायची. सगळं नीट असेल तर म्हणायची, "या." नसेल तर कोपऱ्यात बसलेला 'एल्स' ओरडायचा, "नाव चुकलं." एल्सचं काम जामसरच्या काळूला आवडायचं, कारण त्याला ओरडायला मिळायचं. मुद्दाम चुकीच्या जागी उभं राहणाऱ्यांवर तर काळू इतक्या जोरात ओरडायचा की गिरणीवाला खालून विचारायचा, काय सांडलं.

दुसऱ्या क्लासांत म्हणे पहिला प्रोग्राम नमस्कार करायचा असतो. मशीन जगाला हॅलो म्हणतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. मॅडमकडे पहिला प्रोग्राम नावाचा. मशीनने नाव विचारायचं, आलेलं नाव तपासायचं, आणि मग पुढे जायचं. "ओळखपाळख नाही आणि हॅलो कसलं?" असं त्यांचं म्हणणं. अक्षर उभं आहे का हे मशीनला विचारायची सोय असते, इझअपर म्हणतात तिला. बसलेलं आहे का हे विचारायलाही एक असते. एवढ्या दोन प्रश्नांवर मॅडम आठवडेच्या आठवडे काढायच्या. आम्ही कंटाळायचो. शेजारच्या क्लासमधली मुलं गाण्याचं ॲप बनवत होती आणि आम्ही आपले नावाचं पहिलं अक्षर उठवत आणि बसवत होतो.

क्लासच्या बाहेरही मॅडमची तपासणी चालूच. एकदा मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी आम्ही त्यांच्याबरोबर होतो. तिठ्यावर एका लग्नाचा फ्लेक्स लागला होता, नवरानवरीची नावं इंग्रजीत आणि सगळी अक्षरं बसलेली. मॅडम तिथेच थांबल्या. मागे जीपवाला हॉर्न वाजवतोय, मॅडम हलायला तयार नाहीत. फ्लेक्सवाल्याला गाठून म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशी तरी नवरीला उभी करा." तो म्हणाला, मॅडम, फॅशन आहे. मॅडम म्हणाल्या, "नवरा बसलेला, नवरी बसलेली, मग हार कोण घालणार?" त्याने हात जोडले. पुढच्या लग्नाच्या फ्लेक्सवर त्याने सगळीच्या सगळी अक्षरं उभी केली. त्यावरही मॅडमनी त्याला गाठलं. "सगळेच उभे राहिले तर मान कुणाचा?" तेव्हापासून तो मॅडम दिसल्या की दुकानाचं शटर अर्धं ओढतो.

आता परीक्षेबद्दल सांगते, कारण मॅडमचं खरं वेड तिथे होतं.

मॅडमची परीक्षा मॅडम घेत नसत. परीक्षक घरून आणायचा. आई, आजा, मामा, कुणीही चालेल. अट एकच, त्याने कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नसावा. परीक्षकाने खुर्चीत बसायचं, तुमच्या प्रोग्रामला स्वतःचं नाव सांगायचं, म्हणजे टाइप करायचं, आणि प्रोग्राम कसा वागतो ते बघायचं. तुम्ही भिंतीशी हात मागे बांधून उभं राहायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. प्रोग्रामने परीक्षकाला हाकललं तर तुम्ही नापास. "माणूस नापास होत नसतो," मॅडम म्हणायच्या, "नाव चुकत नसतं. तुमचा दरवाजा बुटका असतो."

काळूच्या मामाने नावाआधी 'श्री' घातलं, पुढे ठिपका दिला. काळूचा प्रोग्राम म्हणाला, नावात ठिपका चालत नाही. मामा म्हणाला, "मंग तू चालू नको. मी श्री काढणार नाय." आणि हाताची घडी घालून बसला. काळू नापास. मॅडमनी मामांना चहा दिला आणि काळूला पुन्हा लिहायला बसवलं. काळू ओरडला नाही.

माझी परीक्षा आली तेव्हा माझ्यापुढे निराळंच संकट होतं. आमचा पाडा मोखाड्याच्या पुढे, उतारावर. भात आणि नागली निघाली की पाड्यातली निम्मी घरं कामाला भिवंडी-ठाण्याकडे जातात. बाप आधीच पुढे गेला होता. आई घर आवरून मागून निघणार होती, आणि घराला कुलूप लागलं की मी राहणार कुठे? क्लास पुरा व्हायला अजून बरेच महिने होते. आईबरोबर गेले तर क्लास सुटला, हे ठरलेलं. परतल्यावर पुन्हा कोण शिकायला बसतं? आमच्या पाड्यातली एकही मुलगी परतून पुन्हा बसलेली मी बघितली नव्हती. आई म्हणाली, "मी येतंय परीक्षेला. बघतंय काय शिकलीस ता. मंग ठरवू."

म्हणजे प्रोग्राम पास झाला तर कुठेतरी सोय लावून मी राहणार, नाहीतर बांधकामाच्या साइटवर घमेली उचलणार. माझा प्रोग्राम मात्र फारच कडक होता. पहिलं अक्षर उभं, बाकीची बसलेली, यात जरा इकडेतिकडे झालं की 'नाव चुकीचे आहे'. मला त्याचा अभिमान वाटत होता. मी स्वतः तपासून बघितला होता, मैत्रिणींकडून तपासून घेतला होता, एकही चूक त्याच्या हातून निसटत नव्हती.

माझ्या आईचं नाव बुधी. तिला इंग्रजी अक्षरं ओळखता येतात, ती शाळेतून नव्हे. सिमेंटच्या गोण्या आणि टाइल्सचे खोके वाहून वाहून ती शिकली आहे. कुठला खोका कुठल्या विंगमध्ये न्यायचा हे साइटवर अक्षरावरून ठरतं. गोण्यांवर आणि खोक्यांवर सगळी अक्षरं उभीच असतात. बसलेलं अक्षर तिने बघितलं असेल, पण त्याच्याशी तिचा संबंध आला नव्हता. तिच्या नावाची अक्षरं मी तिला चुलीपुढे राखेत काढून दिली होती, तीही उभीच, कारण तिला तीच वाचता येत होती.

आई नवं लुगडं नेसून आली. मॅडमनी विचारलं, "आपलं नाव?"

"बुधी."

"बुधीताई," म्हणत मॅडम उठल्या. मॅडम उठल्या म्हणून आईला वाटलं निघायचं, तीही उठली. आई उठली म्हणून मॅडमनी तिला बसवायला पुन्हा म्हटलं, "बसा ना बुधीताई," आणि नाव घेतल्यामुळे पुन्हा उठल्या. दोघी थोडा वेळ अशाच वरखाली होत होत्या. मी भिंतीशी हात मागे बांधून उभी. हसायची सोय नव्हती.

शेवटी आई बसली. की-बोर्डकडे बघून तिचा चेहरा उजळला. ओळखीची माणसं भेटल्यासारखा. की-बोर्डच्या कळांवर सगळी अक्षरं उभीच छापलेली असतात, हे माझ्या तोवर लक्षातही आलं नव्हतं. आईने पीठ पुसलं आणि एका बोटाने, एक एक अक्षर शोधून, खिळा ठोकावा तसं ठोकलं. बी. यू. डी. एच. आय. मग पडद्याकडे बघितलं. पडद्यावर पाचही अक्षरं बसलेली.

आई चक्रावली. खाली कळांकडे बघितलं, वर पडद्याकडे बघितलं. पण आता थांबायचं कसं, म्हणून मी घरी सांगून ठेवलेली मोठी कळ तिने दाबली.

'नाव चुकीचे आहे,' माझा प्रोग्राम म्हणाला.

मराठी तिला हळूहळू वाचता येतं. तिने ते बोट फिरवून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"मी मोठा दाबला," ती म्हणाली. "ह्यानंच बारीक केला. नि मलाच बोलतंय माझा नाव चुकीचा हाय?"

 खाली गिरणी चालली होती. आई उठली, पदर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चल. जीप सुटंल." रागावली नव्हती. साइटवर मुकादम बोलतो, दवाखान्यात खिडकीतला माणूस बोलतो, तसंच हेही बोललं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. तेच मला सहन झालं नाही. ते वाक्य मी लिहिलं होतं. मी भिंतीशीच रडायला लागले.

मॅडम जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. रुंद बाई आहेत, जिना अरुंद आहे.

"बुधीताई, असं नाही जाता येणार."

"नापास झाली ना पोर?"

"झाली. पण परीक्षक तुम्ही आहात. परीक्षकाने निकाल देऊन मधेच निघून जायचं नसतं. काय चुकलं ते सांगावं लागतं."

"मी काय सांगू? मना काय येतंय?"

"आत्ता सांगितलंत तेच. पुन्हा सांगा. हिला लिहून घेऊ दे."

आणि मॅडमनी आईला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत क्लासच्या उद्घाटनाला आलेले पाहुणेसुद्धा बसले नव्हते. आईने पुन्हा सांगितलं, यावेळी जरा ठसक्यात. मी डोळे पुसत कॉम्प्युटरपुढे बसले. मॅडम माझ्या मागे उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "यशोदा, कोणाला बाहेर उभं ठेवलंस? आधी माणूस आत घे."

मग मला कळलं. इतके आठवडे आम्ही अक्षर उभं आहे का हे विचारायला शिकत होतो. बसलेलं असेल तर मशीनने स्वतः उठून त्याला उभं करावं, हे एका ओळीचं काम होतं. त्या ओळीची मॅडम वाटच बघत होत्या, पण ती सांगायची नाही, पोरांना घरच्या माणसासमोर सापडली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मी 'नाव चुकीचे आहे' खोडलं. येईल ते नाव घ्यायचं, पहिलं अक्षर आपण उभं करायचं, बाकीची बसवायची, आणि याबद्दल माणसाला एक शब्द बोलायचा नाही, असं लिहिलं. 

आई पुन्हा बसली. पुन्हा पाच खिळे ठोकले. पडद्यावर तिचं नाव आलं, पहिलं अक्षर उभं, मागची नीट बसलेली, आणि पुढे मी लिहिलेलं, 'या, बसा.'

आईने ते बोट फिरवून वाचलं. "बसलेली हाय ना मी," ती पडद्याला म्हणाली. पण हसली.

आज मी नाशिकला एका लहानशा कंपनीत हेच काम करते. लोक मशीनला नावं सांगतात, पत्ते सांगतात, आणि मशीनने त्यांच्याशी कसं बोलावं हे मी लिहिते. माझ्या हाताखालची नवी मुलं फार कडक प्रोग्राम लिहून आणतात, मलाही त्यांचं कौतुक वाटतं, आणि मग मी त्यांना घरच्यांना बोलवायला सांगते. ती वैतागतात. माझ्या ताटातल्या भाकरीत भोये मॅडमचा वाटा आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. त्या म्हणाल्या, "भाकर कसली, पीठ म्हण. आपल्याकडे पीठच होतं."

पण त्या दिवसाचं राहिलंच. परीक्षा झाल्यावर मॅडमनी स्वतः चहा केला. वीज गेली होती, गिरणी थांबली होती. मागच्या खोलीत मॅडम राहायच्या, ती आईने पहिल्यांदाच बघितली. एक खाट, एक स्टोव्ह, एक ताट. आई सगळीकडे नजर फिरवून आली आणि बशीत चहा ओतत म्हणाली, "बाय, तू समद्यांना नाव इचारतंस. तुझा काय?"

"भोये."

"ता आडनाव झाला."

"सुमन."

"ता कागदावरचा. आयस काय हाक मारायची?"

 त्यांनी कप खाली ठेवला.

"चिमी," त्या म्हणाल्या.

"आता कोण म्हणतंय?"

"आता कोणी नाही. आई गेली, भाऊ गेला. आता सगळे मॅडमच म्हणतात."

आईने चहा संपवला. बशी धुऊन पालथी घातली. निघताना माझी पिशवी, जी ती साइटवर न्यायला बांधून घेऊन आली होती, ती तिने मागच्या खोलीत खाटेखाली सरकवली. मला विचारलं नाही, मॅडमनाही विचारलं नाही.

जीपपर्यंत मी तिला पोचवायला गेले. मला वाटत होतं प्रोग्राम आवडला, मी शिकावं असं तिला वाटलं, म्हणून ठेवतेय. मी तसं म्हणालेही. आई जीपमध्ये जागा पकडून बसली आणि म्हणाली, "शिक. शिकलीस त बराच हाय. पण त्याच्यासाठी नाय ठेवली तुला. तिला हाक मारणारा कोणी नाय."

"मग मी काय म्हणू? चिमी?"

"येडी का काय तू? तू मावशी म्हण," आई म्हणाली. "चिमी मी म्हणन."

इतकी वर्षं मी लोकांना सांगत होते की एका बाईने मला आसरा दिला. दिलाच, आणि ते ऋण माझ्यावर आहे. पण त्याच दिवशी माझ्या आईनेही त्या बाईला किती दिलं होतं, हे माझं मला फार उशिरा उमगलं.

आई अजून कामाला जाते आणि पावसाच्या आधी परतते. परतताना जव्हारला उतरते. गिरणी चालू असते. खाली उभी राहून, साइटवर पाचव्या मजल्यावरच्या माणसाला मारतात तशी, ती हाक मारते, "चिमे!" वर मॅडम कुणाला तरी काहीतरी समजावत असतात. ते तिथेच सोडतात आणि चपला न घालता जिना उतरतात.